आम्ही जर्मनीत बाई लावली

"तिकडेही बाई लावलीस? अगं, जाऊन पंधरा दिवस नाही झाले!"

आईचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवरही खणखणीत येतो. चूक माझीच होती. "मदतीला इथलीच एक बाई घेतलीय, तासाला चाळीस युरो," असं मी बोलून गेले होते. युरो तेव्हा नव्वदच्या आसपास होता. आईने गुणाकार केला, जरा थांबली आणि म्हणाली, "छत्तीसशे? तासाला? मग भांडीसुद्धा करते ना?"

भांडी करत नव्हती. काय करायची ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून मी विषय बदलला. पण त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव 'बाई' पडलं ते पडलंच. तिला समोर अर्थात 'फ्राऊ' अमुक, म्हणजे श्रीमती अमुक, म्हणायचो आणि तीही शेवटपर्यंत आम्हाला आडनावानेच हाक मारत राहिली.

२०२३ च्या मार्चमध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सात वर्षांची लेक, चिंचवडहून स्टुटगार्टजवळ आलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नवऱ्याला नोकरी लागली होती. पुण्या-चिंचवडच्या इंजिनिअरांसाठी स्टुटगार्ट तसं शेजारच्या गल्लीतलंच, आणि मुंबई-स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत हे मला विमानात बसल्यावर कळलं. कंपनीने तिकिटं दिली, एक महिन्यासाठी फर्निश्ड खोली दिली आणि पुढे तुमचं तुम्ही बघा म्हणाली. पुढचं म्हणजे घर. आम्हाला वाटलं, महिनाभर आहे की.

इथली साखळी अशी असते. घर मिळालं की घरमालक एका कागदावर सही देतो की हे लोक माझ्याकडे राहायला आले. त्या कागदाचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. हे न अडखळता म्हणायला मला सहा महिने लागले. तो कागद घेऊन राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या कचेरीत नाव नोंदवायचं, ते 'आनमेल्डुंग'. ते झालं की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. तो वेळेत पोचला नाही तर पगारातून सगळ्यात जड दराने कर कापला जाऊ शकतो. बँक, मुलीची शाळा, व्हिसाचं पुढचं कार्ड, सगळे आधी नोंदणीचा कागद मागतात. आणि आमच्या तात्पुरत्या खोलीचा मालक तर सही द्यायलाच तयार नव्हता.

त्या घाईत आम्ही फसता फसता वाचलो. एका साइटवर मस्त फ्लॅट दिसला, भाडं बाजारभावाच्या जेमतेम अर्धं. मालकाचा मेल आला, अतिशय सभ्य. तो म्हणे कामानिमित्त लंडनला असतो, भेटता येणार नाही, पण डिपॉझिट पाठवलंत की चाव्या कुरियरने पाठवतो, आवडलं नाही तर पैसे परत. नवऱ्याने बँकेचं अ‍ॅप उघडलेलं होतं. त्याच संध्याकाळी त्याच्या एका सहकाऱ्याच्या बायकोने, मूळच्या कोल्हापूरच्या, आम्हाला जेवायला बोलावलं होतं. तांबडा रस्सा वाढता वाढता तिने तो मेल वाचला, आणि "थांबा हं" म्हणून फोन लावला. फोनवर बाई होत्या. त्यांनी मेलसुद्धा पाहिला नाही. एवढंच म्हणाल्या, "जर्मनीत चावी पोस्टाने येत नाही. चावी हातात देतात आणि समोरच्याची सही घेतात."

त्या एका वाक्याचं त्यांनी बिल लावलं नाही. पुढच्या प्रत्येक वाक्याचं लावलं.

बाई साठी ओलांडलेल्या, याच भागात जन्मलेल्या. एका नगरपालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या आणि आता नव्याने आलेल्या लोकांना मदत करणाऱ्या. पहिली भेट बेकरीत झाली. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. दर तासाला ४० युरो, मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांची, प्रवासाचा वेळ अर्ध्या दराने, भेट रद्द करायची तर चोवीस तास आधी सांगायचं. खाली त्या काय करणार नाहीत त्याची यादी होती, आणि ती करणार असलेल्या कामांपेक्षा लांब होती. तुमच्या वतीने सही करणार नाही. तुम्ही शेजारी नसताना बँकेशी किंवा विमा कंपनीशी बोलणार नाही. कायद्याचा सल्ला देणार नाही, कारण वकील नसताना तो देण्याची इथे मुभा नाही. त्यासाठी भाडेकरूंची संघटना असते, 'मीटरफेराइन', तिचे सभासद व्हा. आणि रोख पैसे बिलाशिवाय घेणार नाही.

नवऱ्याच्या अंगात पुणेकर जागा झाला. "दहा-पंधरा तास एकदम घेतले तर काही कमी होईल का?"

बाईंनी कॉफीचा घोट घेतला. "हो. तास कमी घ्या."

बाहेर पडल्यावर तो कुरकुरला, की एवढे पैसे देऊन ही बाई करणार काय, सगळं तर आपल्यालाच करायला सांगतेय. आमच्या डोक्यात एजंट होता. आरटीओबाहेर टेबल टाकून बसलेला एजंट माहीत नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. त्याच्याकडे कागद द्यायचे, पैसे द्यायचे आणि घरी जायचं. आत काय होतं ते विचारायचं नाही. येण्याआधी पुण्यात आम्ही अशाच एका एजंटाकडून लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून आणलं होतं, चांगले पैसे मोजून. बाईंनी ते शिक्के पाहिले आणि सांगितलं की भारताचं अपोस्टिल जर्मनी मान्य करत नाही, तसा आक्षेपच नोंदवलेला आहे. म्हणजे त्या एजंटाने काम चोख केलं होतं, फक्त ते काम लागणारच नव्हतं. बाई याच्या नेमक्या उलट होत्या. त्या आम्हाला कुठलीही रांग ओलांडून देऊ शकत नव्हत्या. रांगेत उभं आम्हीच राहायचं. खिडकीशी पोचल्यावर हातात कुठला कागद असला पाहिजे, तेवढं त्या सांगायच्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी घर शोधलंच नाही. फाइल बनवली. नवऱ्याचा नोकरीचा करार, पासपोर्टच्या प्रती, पुण्यातल्या जुन्या घरमालकाचं भाडं वेळेवर दिल्याचं पत्र, ते आम्ही इंग्रजीत मागवून घेतलं. 'शूफा' म्हणजे इथलं सिबिल, ते नव्याने आलेल्याकडे कुठून असणार. त्याऐवजी कंपनीचं एक पत्र. आणि सगळ्यात वर जर्मन भाषेत एक पानी ओळख आणि तिघांचा फोटो. फोटोवर आमचं भांडण झालं. मला लग्नातल्या पैठणीतला हवा होता. बाई म्हणाल्या, स्वेटरमधला द्या.

तीन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे आपला टूबीएचके, कारण हॉलही खोलीत मोजतात आणि स्वयंपाकघर मोजत नाहीत. जाहिरातीतलं भाडं बहुतेकदा 'काल्टमीटे', म्हणजे थंड भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा धरलं की 'वार्ममीटे' होतं, गरम भाडं. हे मला फार आवडलं. आपल्याकडे भाडं नुसतं जास्त असतं.

घर बघायला जायचं तर बाहेर जिन्यापर्यंत लोक. एका ठिकाणी मी सव्वीस डोकी मोजली आणि लेकीने पाळण्यातलं बाळ धरून सत्तावीस. पहिला महिना संपला. दुसऱ्या महिन्याचं तात्पुरतं भाडं आम्ही खिशातून भरलं. पाच ठिकाणी नकार आला, चार ठिकाणांहून काहीच आलं नाही. पाचवा नकार येईपर्यंत नवऱ्याने बोलायचंही सोडलं होतं, रात्री नुसता जाहिराती सरकवत बसायचा.

दहावं घर मात्र वेगळं निघालं. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, स्टुटगार्टपासून पंचवीस मिनिटांवरचं गाव, दुमजली घर, खाली मालक-मालकीण, दोघंही सत्तरीतले, वरचा मजला भाड्याला. गर्दी नाही, फक्त आम्ही. बाई सोबत होत्या. चपला दाराशी काढल्या तेव्हाच मालकीणबाई खूश झाल्या. खाली त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसवलं, पाणी दिलं, बुडबुड्यांचं. आजोबांनी विचारलं, वाद्य वाजवता का? नाही. पाळीव प्राणी? नाही. मग ते थोडे पुढे झुकले आणि पुढचं वाक्य बाईंकडे बघून बोलले.

मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, केलेलं. बोट क्लब रोडवर शनिवार-रविवार सकाळी साडेतीन महिने. त्यातून हाती लागलेलं जर्मन म्हणजे ट्रेनचं तिकीट काढणे आणि फळांची नावं. पण 'रीशन' म्हणजे वास येणे, हे क्रियापद मला येत होतं. आणि 'गान्त्सेस हाउस' म्हणजे अख्खं घर हेही येत होतं. मधला 'करी' तर कोणालाही कळला असता.

बाई माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "घरात हवा खेळती कशी ठेवता, असं ते विचारत आहेत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भाबडेपणाने सांगायला लागला की आम्हाला मोकळी हवा फार आवडते, चिंचवडच्या घरी तर दोन्हीकडून गॅलरी होती. बाईंनी त्याचं जर्मन केलं, ते त्याच्या वाक्याच्या तिप्पट लांब होतं. आजोबा मान डोलावत होते. मला त्यातलं 'रोज' आणि 'खिडकी' तेवढं कळलं. माझे कान तापले होते. लेक टेबलाखाली पाय हलवत बसली होती, तिला आजींनी चॉकलेट दिलं होतं.

स्टेशनवर आल्यावर मी बाईंना विचारलं, तो खरं काय म्हणाला? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "ते म्हणाले, करीचा वास अख्ख्या घरात भरतो, आधी एक कुटुंब होतं तेव्हा अनुभव आहे."

"मग तुम्ही तसं सांगितलं का नाही?"

"तुम्हाला घर हवं होतं की उत्तर द्यायला हवं होतं?"

गाडी यायला अकरा मिनिटं होती. तेवढ्यात आम्ही बरंच बोललो. माझं म्हणणं, मी तुम्हाला पैसे देते ते समोरचा काय बोलतो ते कळावं म्हणून. ते गाळायचं की नाही हे मी ठरवीन. त्यांचं म्हणणं, हवेचा प्रश्न खोटा नव्हता. इथे घरं एवढी बंदिस्त असतात की रोज दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलावी लागते, 'श्टोसल्युफ्टेन' म्हणतात, नाहीतर भिंतीला बुरशी येते. आजोबांना मी तेच वचन दिलं की तुम्ही तसं कराल. ते जर्मन मालकाला समजतं. "आम्ही करी करणार, तुमची हरकत का?" हे ऐकून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं असतं.

दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे ते मिटलं नाही. शेवटी एक नियम केला. आधी शब्दाला शब्द भाषांतर, जसंच्या तसं, कितीही टोचणारं असो. मग, त्यांना वाटलं की इथे उत्तर देऊ नये, तर त्या पेन टेबलावर आडवं ठेवतील. पुढे तीनदा आडवं ठेवलं. दोनदा मी ऐकलं. कोणी असा माणूस ठेवणार असेल तर हा नियम पहिल्या बेकरीतच करून घ्यावा, आमच्यासारखा प्लॅटफॉर्मवर नको. तुम्हाला भाषा येत नाही म्हणून तुम्ही त्याला ठेवता, म्हणजे तो काय गाळतो ते कळायची सोय तुमच्याकडे मुळातच नसते. माझ्याकडे एक क्रियापद होतं म्हणून कळलं.

रागात मी नवऱ्याला म्हटलं, नको हे घर. दोन दिवसांनी आजोबांचा होकार आला. आम्ही घेतलं. तत्त्वाने वागायला दुसरं घर हातात असावं लागतं, आमच्या हातात आठ दिवस उरले होते.

काल्टमीटे ११५० युरो, डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ३४५०. कायद्याने तीन थंड भाड्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, हे बाईंनी सांगितलं. नवरा लगेच म्हणाला, मग हप्त्यांत देऊ. बाईंनी पेन आडवं ठेवलं. एकरकमी दिलं.

१ मेला इथेही सुट्टी असते, अर्थात महाराष्ट्र दिनाची नव्हे, म्हणून ताबा २ तारखेला, मंगळवारी. मी बरोबर कुंकू, हळद आणि दुधाचं पातेलं घेतलं होतं. बाईंनी टॉर्च, मोजपट्टी आणि एक क्लिपबोर्ड आणला होता. 'युबरगाबेप्रोटोकोल', म्हणजे घर ताब्यात घेतानाचा पंचनामा. पावणेदोन तास चालला. भिंतीतली ड्रिलची भोकं मोजली, चौदा. न्हाणीघरात बेसिनच्या मागे एका टाइलला केसाएवढी चीर होती, तिचा मोजपट्टी लावून फोटो काढला. विजेचा मीटर, हीटिंगचा, गार पाण्याचा, गरम पाण्याचा, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा, आजोबांनी तो लिहायचा, मी फोटो काढायचा. गरम पाण्याचा मीटर सिंकच्या मागे एका छोट्या झाकणाआड होता. आजोबा म्हणाले, तो राहू दे, नंतर बघू. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि झाकण काढलं. मला मनातून लाज वाटली, इतक्या म्हाताऱ्या माणसावर एवढा अविश्वास! आजोबांना मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट त्यांनी बाईंना उठायला हात दिला.

सिंक होतं, हेही नशीबच म्हणायचं. इथे बरेचदा भाडेकरू घर सोडताना स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो, ओटा, कपाटं, शेगडी, सिंक, सगळं. राहतात ती फक्त भिंतीतून आलेली पाण्याची नळी आणि वायरी. आमच्या आधीच्या माणसाने स्वयंपाकघर विकायला काढलं होतं, साडेतीन हजार युरोंना. बाईंनी कपाटांचे ड्रॉवर ओढून पाहिले, ओव्हनच्या मागची पट्टी वाचून तो किती वर्षांचा ते पाहिलं, आणि एकोणीसशेवर आणलं. घासाघीस अशी केलीच नाही. नुसते दोष लिहीत गेल्या आणि कागद त्याच्यासमोर सरकवला. नवरा त्या दिवसापासून त्यांचा भक्त झाला.

निघताना बाईंनी पिशवीतून पांढरी चिकटपट्टी काढली, त्यावर मार्करने आमचं आडनाव लिहिलं आणि ते खाली पत्रपेटीला आणि बेलला चिकटवलं. मी म्हटलं, नावाची छान पाटी करून घेऊ की सावकाश. "सावकाश करा," त्या म्हणाल्या, "पण आज रात्री इथे नाव हवं." पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. फ्लॅट नंबर नावाची गोष्ट इथे बहुतेक घरांना नसतेच. टॅक्स नंबरपासून बँकेच्या पिनपर्यंत सगळं पोस्टाने येणार आणि सगळं त्या बोटभर पट्टीवर अवलंबून. ती अजून तिथेच आहे, पाटी झालीच नाही.

नोंदणीच्या वेळी नावाने वेगळाच घोळ घातला. आपल्या पासपोर्टात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात. जर्मनांच्या हिशेबी ती दोन्ही माझीच पाळण्यातली नावं. लेकीला बापाचं नाव, नवऱ्याला सासऱ्यांचं. खिडकीमागच्या मुलीने तिन्ही पासपोर्ट मांडले आणि बाईंना काहीतरी विचारलं. नियमाप्रमाणे शब्दाला शब्द भाषांतर आलं: "या घरातल्या बायकांची नावं पुरुषांची का आहेत?" बाईंनी आदल्या दिवशी माझ्याकडून हे सगळं समजून घेऊन जर्मनमध्ये चार ओळी लिहून आणल्या होत्या, तो कागद पुढे केला. बदल काही झाला नाही. माझ्या विमा कार्डावर आजही मी अर्धी मी आणि अर्धा नवरा आहे. पण त्यांचा सल्ला सोन्यासारखा होता: जे पासपोर्टात आहे तेच, त्याच क्रमाने, प्रत्येक फॉर्मवर, एकदा जरी मधलं नाव गाळलंत तर या देशात तुम्ही एकीच्या दोन वेगळ्या बायका व्हाल.

फॉर्मवर धर्माचा रकाना होता. नवरा ठसक्यात हिंदू लिहायला निघाला. बाईंनी सांगितलं, तो रकाना चर्चच्या करासाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिणाऱ्याच्या आयकरावर या राज्यात आणखी आठ टक्के चर्चसाठी कापतात. बाकीच्यांनी रिकामा सोडला तरी चालतो. रिकामा सोडला.

शाळा, लसीचं कार्ड, मुलांचे डॉक्टर, याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळं सुरळीत झालं. गोवराच्या लसीचा पुरावा शाळेत सक्तीचा असतो, तेवढा बरोबर आणावा.

खरी गंमत केअरवोखेची. राहायला गेल्यावर तिसऱ्या सोमवारी दारावर एक लाकडी पाटी लटकलेली. मी ती काढून आत ठेवली, म्हटलं कोणीतरी शुभेच्छा दिल्यात. बाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं: "परत लावा. या आठवड्यात जिना तुमचा." स्वाबियन, म्हणजे या भागातल्या, लोकांची ही जुनी रीत, झाडण्याचा आठवडा. पाळीपाळीने जिना पुसायचा, दारासमोरचा फुटपाथ झाडायचा, थंडीत बर्फ काढायचं. आमच्या भाडेकराराच्या सोळाव्या कलमात ते होतं, आणि बाईंनी वाचूनही दाखवलं होतं, ऐकलं कोणी? आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्यात काय, आमच्या वाड्यात मोरी धुवायची पाळी असायची, खुंटीला बादली दिसली की समजायचं आपला वार. आईला जर्मनीतली ही एकच गोष्ट पहिल्या झटक्यात कळली.

एव्हाना आम्ही बाईंना ऊठसूट फोन करायला लागलो होतो. वॉशिंग मशीनवरची चिन्हं, प्लॅस्टिकची पिशवी कुठल्या डब्यात, शाळेच्या चिठ्ठीतला एक शब्द. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं, तेव्हा दर घरामागे महिना १८.३६ युरो, आमच्याकडे टीव्हीच नव्हता आणि आम्ही एकदा दुधाने पोळलेलो, नवऱ्याने ते फसवणूक म्हणून फाडून टाकलं. बाईंनी दुसरं मागवायला लावलं. टीव्ही नसला तरी भरावी लागते. जूनअखेरीस बिल आलं. ओळीओळीने: 'फोन, वॉशिंग मशीन, १५ मिनिटे, १० युरो.' 'फोन, कचरा, १५ मिनिटे, १० युरो.' 'फोन, कचरा, १५ मिनिटे, १० युरो.' खाली एक ओळ की मूल्यवर्धित कर कायद्याच्या कलम १९ नुसार लहान व्यावसायिक म्हणून यावर तो कर नाही. सगळे महिने मिळून सव्वाएकतीस तास, १२५० युरो. नवऱ्याने ते बिल फ्रिजवर लावलं, कचऱ्याच्या दोन ओळी लाल पेनने अधोरेखित करून. स्वयंपाकघरातच सोळाशे वाचले म्हणून त्याची तक्रार नव्हती, पण यापुढे फोन करायच्या आधी त्या दोन ओळींकडे बघायचं असं ठरलं.

मग मी ए-टूला बसले.

फोडणीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी अतिशय इमानाने वचन पाळत होते. फोडणीच्या आधी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. डिसेंबरात आजोबा वर आले. मी मनात उत्तर तयार करूनच दार उघडलं, या वेळी बाई नव्हत्या आणि पेनही नव्हतं. आजोबांनी आत वास घेतला नाही. खिडकीकडे बोट दाखवलं. हीटर चालू आणि खिडकी तासभर उघडी, ही केवढी नासाडी! त्यांनी स्वतः हीटरचा नॉब शून्यावर केला, खिडकी सताड उघडली, मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली, खिडकी लावली, नॉब परत तीनवर आणला आणि गेले. कढईतली मिरची तोवर करपली होती. पाच मिनिटं दोघंही शेजारी शेजारी खोकत उभे होतो.

२०२४ च्या डिसेंबरात २०२३ च्या हीटिंग-पाण्याचा हिशेब आला. घरमालकाला तो वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत द्यावा लागतो. आजोबांनी तो बाहेरून करून घेतला होता. भरायची रक्कम बघून मी आधी घाबरले आणि मग शब्दकोश घेऊन बसले. दोन संध्याकाळी गेल्या. गरम पाण्याच्या मीटरचा सुरुवातीचा आकडा त्यांनी १२४ धरला होता. मी फोनमध्ये मागे मागे गेले, २ मेच्या फोटोंपर्यंत. झाकणाआडचा तो मीटर, बाजूला टॉर्च धरलेला बाईंचा हात, आणि आकडा २१४.

आजोबांना पत्र लिहिलं, जर्मनमध्ये, एकटीने. पाठवण्याआधी बाईंना मेल केला, एकदा बघाल का म्हणून. त्यांचं उत्तर आलं की हिशेब बरोबर की चूक यावर त्या काही बोलणार नाहीत, तो मीटरफेराइनचा विषय; व्याकरण मात्र तपासतील. दुसऱ्या दिवशी पत्र परत आलं. एके ठिकाणी 'डेअर' खोडून 'डेम' केलं होतं. सोबत बिल: 'पत्र तपासणी, १५ मिनिटे, १० युरो.'